काचेच्या हाताची राणी

एका राज्यात पद्मरेखा नावाची राणी राज्य करीत होती. राज्य चांगले होते. पाऊस वेळेवर पडे, न्याय असा की चोरांनाही त्याचा अभिमान वाटे. उणे एवढेच होते की राणीचा डावा हात काचेचा होता.

जन्मापासून तो तसा नव्हता. राणीचे मंदारिका नावाच्या जादूगारिणीवर प्रेम होते. मंदारिका ढगावर बसून यायची, खिडकीतून आत उतरायची आणि राणीचा हात हातात घेऊन बसायची. राणीला वाटले, हे जन्मभराचे आहे. मंदारिकेला तसे कधीच वाटले नव्हते. एके दिवशी ती जायला निघाली, तेव्हा राणीने धरलेला हात सोडला नाही.

मंदारिका म्हणाली, "तुझा हात जड झाला ग. मला धरवत नाही."

तिने फुंकर घातली आणि राणीची बोटे काचेची झाली. मग जादूगारांच्या नियमाप्रमाणे तिने उःशापही दिला. "माझ्या तीन बांगड्या मी लपवल्या आहेत. त्या कोणी या हातात न फुटता भरल्या, तर हात पुन्हा हाडामांसाचा होईल. तोवर काच चढत जाईल. ती काळजापर्यंत पोचली, की तुझा पुतळा होईल."

ती गेली. मागे तिचा राघू राहिला. तो पिंजऱ्यातल्या कडीवर बसे आणि रोज दिवेलागणीला हुबेहूब मंदारिकेच्या आवाजात म्हणे, "तुझा हात जड झाला ग. मला धरवत नाही." प्रधान म्हणाला, याला सोडून द्यावे. राणी म्हणाली, "राहू दे." शब्द कसे का असेनात, आवाज तिचा होता.

पुढे वैद्य आले, मांत्रिक आले, शेजारच्या राज्यांतल्या राजकन्या आल्या. कोणी हात हातात घेतला, की काच वर सरके. शेवटी राणीने हुकूम काढला, की मला कोणी शिवू नये. तरीही रोज थोडी काच चढतच राहिली. होता होता ती खांद्याला टेकली. आता काळीज काही लांब नव्हते.

सणाच्या आधी दासींना बांगड्या भरायला गिरजा नावाची कासारीण राजवाड्यात आली. राणी सज्जातून पाहत होती. एका दासीचा हात फार निबर होता. बांगडी बोटांच्या पेरांवर आली, तशी तिला कळ लागली आणि तिने हात जोरात ओढला. आता बांगडी फुटणार असे सगळ्यांना वाटले. गिरजेने मात्र हात आवळला नाही आणि सोडलाही नाही. तो जिकडे गेला तिकडे तीही "हात सैल सोडा, बाई. मी आहे," म्हणत अर्धवट उठून गेली. दासीचा हात सैलावला आणि बांगडी मनगटात जाऊन बसली. राणीने तिला वर बोलावले.

"कासारणी, तुझ्या तळव्यांवर एवढे वण कसले?"

"बायका हात ओढतात, राणीसाहेब."

"मग तू चिडत नाहीस?"

"दुखलेला हात ओढला जातोच. त्यात त्यांचा काय दोष?"

"आणि बांगडी फुटली तर?"

"माझ्या हातात फुटली तर ती माझी. हात धरला तिनं सांभाळायचं, असा आमचा रिवाज आहे."

इतकी वर्षे जे फुटले ते सगळे आपलेच, असे राणी धरून चालली होती. तिला रडू आले आणि ती मोकळेपणी रडली. नंतर तिने शाल बाजूला करून हात दाखवला. तेवढ्यात दिवे लागले, राघू बोलला, आणि राणीने हात छातीशी ओढून घेतला. तिळभर काच वर चढली. गिरजेने ते नीट पाहिले.

"राणीसाहेब, कोणी शिवल्यानं काच चढत नाही. तुम्ही हात ओढता तेव्हा चढते."

"मी मुद्दाम ओढत नाही."

"ते दिसतंय. बांगड्या शोधू या. भरायच्या वेळी तुम्ही हात ओढलात, तर मी बरोबर येईन. सोड म्हणालात, तर मात्र सोडीन."

मंदारिका ढगावरून यायची, म्हणून दोघी आधी ढग जिथे पाणी प्यायला उतरतात त्या तळ्यावर गेल्या. तिथे एक म्हातारे कासव पोटाखाली बांगडी घेऊन बसले होते. त्याला ते आपले अंडे वाटत होते.

"कासवदादा, यातून पिल्लू निघायचं नाही," गिरजा म्हणाली.

कासव म्हणाले, "मलाही अलीकडे शंका येत होती. पण इतकी वर्षं उबवल्यावर उठवत नाही." मग ते उठले. "दुसरी टेकडीवरच्या यक्षाच्या करंगळीत आहे," एवढे सांगून ते पाण्यात गेले.

गिरजेने राणीच्या हाताला तेल लावले. हात भिंगासारखा गार होता. बांगडी पेरांवर येताच राणीने तो ओढला, आणि गिरजा बरोबर गेली, ती थेट गुडघाभर पाण्यात. बांगडी चढली. काच खांद्यावरून कोपरापर्यंत उतरली.

यक्ष एवढा थोरला होता, की बांगडी त्याची अंगठी झाली होती, आणि ती द्यायला तो तयार होईना. माझे बोट रिकामे दिसेल, म्हणाला. गिरजेने त्याच्या दहाही बोटांत हिरव्या बांगड्या भरल्या. यक्ष हात लांब धरून पाहत बसला आणि खुशीत म्हणाला, "तिसरी तुझ्याच घरी आहे, राणी. राघू तिच्यावर बसतो." दुसरी बांगडी तिथेच टेकडीवर भरली. या वेळी राणीने हात ओढला, तेव्हा पुढे उतार होता. दोघी गवतातून घरंगळत खाली आल्या. बांगडी शाबूत राहिली, गिरजेचा गुडघा मात्र फुटला. काच मनगटावर आली.

राणीने पाला चोळून गिरजेच्या गुडघ्यावर बांधला. इतक्या वर्षांत तिने आपण होऊन कोणाला हात लावला नव्हता. गाठ मारता मारता तिला कळले, की ही बाई आपल्याला आवडते. कळले आणि ती घाबरली. परतीच्या वाटेवर ती लांब लांब चालली. गिरजा लंगडत मागून आली.

राजवाड्यात पोचेपर्यंत सूर्य टेकला होता. राणी पिंजऱ्यासमोर उभी राहिली.

"कडी काढली, तर राघू बसेल कुठे?"

"बाहेर झाडं पुष्कळ आहेत," गिरजा म्हणाली.

"तो गेला, की तिचा आवाजही जाईल."

गिरजा म्हणाली, "जाईल. मला काही तसं बोलता यायचं नाही. माझा आवाज घोगरा आहे."

राणीने स्वतः पिंजऱ्याचे दार उघडले. राघू खिडकीत जाऊन बसला. राणीने कडी काढून गिरजेच्या हातात दिली. दोघी चटईवर बसल्या. बांगडी पेरांवर आली आणि दिवेलागण झाली. राघू खिडकीतून म्हणाला, "तुझा हात जड झाला ग. मला धरवत नाही."

राणीने हात ओढला तो पूर्वी कधी ओढला नव्हता तसा. ती उठली, मागे सरली, चटई सोडून दालनभर मागे मागे गेली. गिरजा फुटक्या गुडघ्याने तिच्याबरोबर गेली. बांगडी पेरांवर अडली होती, काच काचेवर वाजत होती. राणीची पाठ भिंतीला लागली.

"सोडू का, राणीसाहेब? तुम्ही म्हणाल तर आत्ता सोडते."

'सोड' हा शब्द राणीच्या ओठांवर आला होता. आपला पुतळा झाला असता तर पुन्हा दुखले नसते, हेही तिच्या मनात येऊन गेले. तिने गिरजेकडे पाहिले. गिरजा घामाघूम झाली होती, तिचा गुडघा पुन्हा वाहत होता, आणि हात मात्र तसाच होता, आवळलेला नाही आणि सुटलेलाही नाही.

राणीने विचारले, "जड आहे का ग?"

"हात आहे," गिरजा म्हणाली. "हाताएवढा जड आहे."

राणी हसली. हसताना तिची मूठ कधी सैल झाली ते तिलाही कळले नाही. बांगडी आपसूक चढली. काच मनगटावरून वितळत बोटांच्या टोकांपर्यंत गेली आणि थेंब होऊन फरशीवर पडली. राणीचा हात गरम झाला. तिने त्याच हाताने गिरजेचा चेहरा धरला आणि म्हणाली, "राणीसाहेब नको. नावानं हाक मार."

"पद्मरेखे," गिरजा घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि जवळ आली.

न शिवण्याचा हुकूम सकाळी मागे घेतला गेला. गिरजा राजवाड्यात राहिली. बाजारात बांगड्या भरायला मात्र ती जातच राहिली, आणि फावल्या वेळात राणीही तेलाची वाटी घेऊन शेजारी बसू लागली. मंदारिका कुठल्याशा ढगावर असेल. तिची विचारपूस पुढे कोणी केली नाही. कधी कधी पद्मरेखेचा हात झोपेत ओढला जाई. गिरजा झोपेतच त्याच्याबरोबर सरके आणि पांघरूण जमिनीवर पडे.

राघू उडून गेला तो पुढच्या सणाला परत आला. अंगणात बांगड्या भरणे चालले होते. तो पेरूच्या फांदीवर बसला आणि दिवेलागण झाली. दासींनी माना खाली घातल्या. पद्मरेखेने गिरजेचा हात धरला. राघूने मान वाकडी केली, घसा खाकरला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हात सैल सोडा, बाई. मी आहे."

राणी पद्मरेखेचा हात जसा मोकळा झाला, तसा तुमचा आमचा होवो.