फाटकाचे जाणकार

रेल्वेचं फाटक हाताने चाक फिरवून पाडायचे, त्या काळातली ही गोष्ट. फाटकाशेजारच्या वडावरची वानरं स्वतःला फाटकातली मोठी जाणकार समजायची. फाटकाची घंटा पितळेची की काशाची, यावरून त्यांची रोज हमरीतुमरी व्हायची.

एकदा घंटा वाजू लागली, फाटक पडलं. नाद नीट ऐकू यावा म्हणून थोरलं वानर थेट रुळावर जाऊन बसलं.

फाटकाबाहेर थांबलेली म्हैस ओरडली, "अरे, गाडी येतेय, ऊठ!"

"गप गं! तुला घंटेतलं काय कळतंय?"

गाडी धडधडत आली. वानर कसंबसं उडी मारून वाचलं, शेपूट मात्र रुळावरच राहिलं.

"आता तरी कळलं ना, घंटा कशाला वाजते ते?" म्हशीने विचारलं.

तिच्याकडे न बघता वानर वडाकडे तोंड करून ओरडलं, "पितळेचीच आहे रे!"

वडावर टाळ्यांचा कडकडाट झाला.