महाराजांचा डावा हात

“तीन दिवस! तीन दिवसांत जगातल्या सगळ्या वेबसाइट चाखायच्या आणि विषारी कोणत्या ते सांगायचं. एक जरी सुटली, तर राज्याबाहेर!”

कर्दळगडच्या गंभीरराव महाराजांनी हा हुकूम सोडला, तेव्हा भरदरबारात कोणी हसलं नाही. हसायची सोयच नव्हती. सकाळपासून महाराजांचा पारा चढला होता. राज्याची दवंडी हल्ली इंटरनेटवर पिटली जायची, आणि त्या दवंडीच्या पानावर आज प्रजेने वाचलं काय, तर ‘टक्कल आठ दिवसांत गायब!’ खाली केसतेलाची बाटली. पेरणीचे हुकूम गेले, तळ्याच्या पाण्याच्या पाळ्या गेल्या, बाटली तेवढी उरली. कोणीतरी वाड्याच्या संगणकात शिरलं होतं.

राजवैद्यांनी संगणकाची नाडी पाहून काढा सुचवला. सेनापतींनी त्याच्याभोवती शंभर भालेवाले उभे केले. बाटली काही हलेना. तेव्हा प्रधान त्र्यंबकपंतांनी अक्कल लढवली. “महाराज, आपलं ताट ही तुंगा आधी चाखते, म्हणून आजवर आपल्याला विषबाधा झाली नाही. वेबसाइटही तिलाच चाखू द्या!”

तुंगा बिचारी कोपऱ्यात उभी होती. वीस वर्षं ती महाराजांच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी खायची. एकेक घास. पोटभर कधीच नाही.

“सरकार, जगात वेबसाइट आहेत तरी किती?” तिने विचारलं.

“ते मोजणं तुझं काम!” पंत म्हणाले.

“आणि मी चाखेपर्यंत नव्या निघाल्या तर?”

“त्याही चाख!”

घरी येऊन तुंगाने अंथरुणाला खिळलेल्या सासूला सगळं सांगितलं. “आत्याबाई, आता तुम्हाला पाठुंगळी घेऊन सीमा ओलांडायची.”

“सहा कोसांची वाट आहे,” सासू म्हणाली. “त्यापेक्षा डोकं चालव. ते हलकं आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज जेवायला बसले. तुंगा एकेक वाटी चाखत होती. ती मान डोलवेपर्यंत महाराजांचा उजवा हात ताटाच्या कडेला शहाण्यासारखा थांबून होता. सख्ख्या बहिणीने पाठवलेल्या लाडवालाही तो शिवला नाही. पण तुंगाची नजर सहज डाव्या हाताकडे गेली. त्यात मोबाइल होता. ‘फक्त निवडक राजांसाठी!’ महाराजांनी अंगठा दाबला. ‘पुढच्या जन्मी आपण कोण असाल?’ दाबला! ‘आपल्या शत्रूंची यादी पाहा!’ दाबला! तुंगाने सात पदार्थ चाखले, तोवर महाराजांनी नऊ वेबसाइट उघडल्या होत्या.

तुंगाला जोराचा ठसका लागला.

“काय गं? विष?” महाराज दचकले.

“नाही सरकार. मिरची.”

तिसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. तुंगा झाकलेली चांदीची वाटी घेऊन आली.

“झालं चाखून?” महाराजांनी विचारलं.

“झालं, सरकार. एवढी एक वाटी राहिली. ती खास आपल्यासाठी आहे.”

झाकणावर चिठ्ठी होती. पंतांनी ती मोठ्याने वाचली. “अभिनंदन! लाखो राजांमधून आपली निवड झाली आहे! ही खीर खाताच आठ दिवसांत काळेभोर केस! झाकण आत्ताच उघडा. पाच मिनिटांत खीर नाहीशी होईल!”

महाराजांचा हात नकळत पगडीकडे गेला. मग ते सावरले. “पाठवली कोणी?”

“ठाऊक नाही.”

“रांधली कोणी?”

“तेही ठाऊक नाही. फाटकाशी कोणी ठेवून गेलं.”

“मग मलाच का?”

“लाखोंतून निवड झाली ना!”

“तू चाखलीस?”

“वेळ कुठे होता? चारच मिनिटं उरलीत. खा महाराज, पटकन खा!”

“मला काय खुळा समजलीस?” महाराज गरजले. “ना ओळख ना पाळख, आणि वर ही घाई! असली खीर मी कुत्र्यालाही घालणार नाही!”

तुंगाने वाटी खाली ठेवली. “सरकार, चिठ्ठीतला मजकूर माझा नाही. हाच मजकूर गेल्या आठवड्यात आपल्या मोबाइलवर आला होता. खिरीच्या जागी तेल होतं, एवढंच. आपण अंगठा दाबलात. पुढे त्यांनी वाड्याच्या संगणकाचा पासवर्ड मागितला, आपण तोही दिलात.”

“तुला काय ठाऊक?”

“पासवर्ड टाकताना आपण तो मोठ्याने म्हणता, सरकार. वाढप्यांनासुद्धा पाठ आहे!”

पंत छताचं नक्षीकाम पाहू लागले.

“जगातल्या वेबसाइट चाखायला मला सात जन्म पुरायचे नाहीत,” तुंगा म्हणाली. “पण विष कितीही असो, वाड्यात शिरायला त्याला दार लागतं, आणि ते आतून उघडावं लागतं. आपला उजवा हात माझ्यासाठी थांबतो. डावा कोणासाठीच थांबत नाही. खिरीची जशी उलटतपासणी केलीत, तशी मोबाइलचीही करा. आपल्याइतकं पारखून चाखणारं मला तरी कोणी माहीत नाही!”

महाराजांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठा वर उचललेला होता आणि त्याच्याखाली ‘हत्ती फुकट!’ चमकत होतं.

आधी त्यांच्या मिशा हलल्या. मग पोट हलू लागलं. मग महाराज असे खदाखदा हसले की पगडी घरंगळून थेट पंतांच्या पायाशी गेली आणि उघडं टक्कल लखलखलं. तेव्हा कुठे दरबारानेही हसून घेतलं.

“हुकूम मागे! तळ्याकाठची दहा बिघे जमीन तुझी! आणखी काय हवं, तुंगा?”

“एक अख्खं ताट, सरकार. गरम. आत्याबाईंसाठी दुसरं.”

“आजपासून दोघींची ताटं माझ्या पंगतीला! चाखायचं नाही, जेवायचं!”

पंत काळजीत पडले. “पण महाराज, मग उद्यापासून आपलं ताट चाखणार कोण?”

महाराजांनी डोळे पुसले आणि चांदीची वाटी पंतांपुढे सरकवली.

“उद्यापासून कशाला, पंत? चला, झाकण उघडा. अजून एक मिनिट आहे!”