यंदाचा सरवा

"...मग आता गावात उपाशी कोण राहील, बुवा?"

विश्वंभरच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. शेतकीचं शिकून आलेला हा रामलिंगबुवांचा लाडका शिष्य. यंदा त्याच्या रानात ज्वारी दुप्पट झाली होती. हीच रीत पंचक्रोशीत शिकवायला निघायचं होतं. बुवांचा आशीर्वाद तेवढा हवा होता.

"कापणी कशी केलीस?" बुवांनी विचारलं.

"एकदम चोख! मागून माणसं लावून रान पुन्हा वेचून घेतलं. एक कणीस मातीत राहू दिलं नाही."

बुवांनी उपरणं खांद्यावर टाकलं.

मग उठले आणि थेट त्याच्या रानात गेले. विश्वंभर मागोमाग.

भर उन्हात सत्तरीचे बुवा धसकटांतून वाकून चालू लागले. उपरण्याची झोळी केलेली. एक ओळ झाली, दुसरी झाली... झोळी रिकामीच.

"बुवा, शोधताय काय?"

बुवा तिसऱ्या ओळीला वळले. बांधावरून चतुराबाई येत होती. नवरा गेल्यापासून कापणीमागचा सरवा, म्हणजे रानात पडून राहिलेली कणसं, वेचून ती पावसाळ्यापर्यंत भागवायची. आज तिचीही पाटी रिकामी होती.

"यंदा लई पिकलं म्हनं, मालक. बरं झालं."

मनापासून म्हणाली, हेच वाईट.

विश्वंभरला मान वर करवेना. दर वर्षी याच रानात त्यानं तिला वाकलेलं पाहिलं होतं. यंदा तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मावशी... घरी पोतं पाठवतो."

"पोतं कशापायी? मी काय मागाय आले व्हय? आमी येचून खातो."

पदर सावरून ती पलीकडच्या रानाकडे वळली.

विश्वंभर खळ्यावर धावला. मळणीची राहिलेली कणसं पाटीभर घेऊन आला आणि मुठीमुठीनं रानात टाकू लागला. डोळे भरून आले होते. पण दर मुठीला तो चतुराबाई गेली तिकडे बघत होता. तिनं पाहिलं का?

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"आधी तिकडं पाठ कर... मग टाक."