सोनबामेस्त्रींचा ठसा

"मग ठसा मारताय ना, आबा?"

शार्दूलनं तिसऱ्यांदा विचारलं. दाराशी टेम्पो लागलेला. त्याची फिरती खुर्ची दुपारच्या आत प्रदर्शनाला पोचायची होती, पण सोनबामेस्त्रींचा ठसा बुडाला उमटल्याशिवाय ती हलवायची नाही, असा त्याचाच हट्ट.

मेस्त्रींच्याच हाताखाली रंधा धरायला शिकलेला पोरगा. आता पेपरात फोटो येतात. पण गुरूचा ठसा चाळीस वर्षांत तिघांच्याच कामाला मिळाला, आणि त्यात हा नव्हता. ते त्याला सलत होतं.

मेस्त्री खुर्चीकडं बघत होते. ऐंशीचं वय, गुडघे गेलेले, दोन एसट्या बदलून आलेले. काठीवर रेलून उभे.

"ही पाठ बघा. कुठं सांधा दिसतो?"

"नाही दिसत."

"चौदा महिने, आबा. सात वेळा मोडून पुन्हा केली." त्यानं बोट लावलं. खुर्ची सबंध फिरली. हूं नाही की चूं नाही. "इकडून बघा... नाही, जरा मागं या. आता खिडकीकडून."

मेस्त्री मागं गेले. खिडकीकडं गेले. मी पॉलिशवाला, कोपऱ्यात हात पुसत होतो. नुसतं बघून माझाच जीव दमला.

खोटं कशाला बोला, खुर्ची देखणीच होती. उघडलेल्या शिंपल्यासारखी पाठ, वर दुधी कापड. मेस्त्रींनी कापडावर हात टेकला.

"अहो, जपून! डाग पडेल." शार्दूल कसनुसा हसला.

हात मागं आला...

मेस्त्री पाय ओढत दाराशी गेले. तिथं माझा पॉलिशचा रिकामा डबा पालथा पडला होता, त्यावर टेकले. डोळे मिटले.

"हुश्श..."

शार्दूल त्यांच्यापुढं उकिडवा बसला. त्याचेही डोळे रात्र रात्र जागून लाल झालेले, आता भरून आले.

"थकलो हो मी, आबा. काय राहिलं तेवढं सांगा. एक चूक दाखवा, आत्ता दुरुस्त करतो."

"चूक? कामात एक नाही."

"मग ठसा?"

मेस्त्रींनी कोटाच्या खिशातला ठसा चाचपला. हात रिकामाच बाहेर आला. बराच वेळ ते गुडघा चोळत राहिले...

"तासभर उभा होतो रे, बाबा. तू बसा म्हणाला नाहीस, ते राहू दे. पण खुर्चीनं तरी म्हणावं की नाही?"