जुन्या सर्व्हरचा अर्ज

महामंडळाचे धुपकरसाहेब नोकरभरतीत भारी कडक! उमेदवाराचं वय एका दिवसाने जास्त भरलं, की अर्जावर ‘अपात्र’चा शिक्का थाडकन!

सगळ्या शाखांच्या फायली नेटवर्कवर साठवणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा संगणक विभागातली शलाका म्हणाली, “साहेब, याला सर्व्हरच्या कर्नेलची, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीची, आवृत्ती किमान पाचवी हवी. आपली तिसरीच आहे. फायली जातील!”

“घ्या हो चालवून!” साहेब म्हणाले.

शलाकाने भरतीच्या गठ्ठ्यात गुपचूप एक अर्ज सरकवला: ‘उमेदवार: जुना सर्व्हर. किमान पात्रता: पाचवा कर्नेल. प्रत्यक्षात: तिसरा.’ पात्रता कमी दिसताच साहेबांनी नाव न बघता ‘अपात्र’चा शिक्का हाणला.

शलाकाने तो कागद उचलून नम्रपणे विचारलं, “साहेब, याला घ्यायचं का चालवून?”

“माझा शिक्का बसला, की ब्रह्मदेव आला तरी पुसला जाणार नाही!” साहेब गरजले, आणि मग त्यांनी उमेदवाराचं नाव वाचलं.