सामाईक दारातला शब्द

फार मागे एका माळावर साळिंदर आणि मुंगूस भागीदारीत बिळं खणून देत. साळिंदर दिवसा झोपे, म्हणून गिऱ्हाइकांशी बोलणी मुंगूस करी. "कोल्ह्याचं काम मात्र घ्यायचं नाही," साळिंदराने बजावलं होतं.

एका संध्याकाळी कोल्हा दारात उभा! "सशांशेजारी माझं बीळ खणायचं ठरलंय."

"मला न विचारता?" साळिंदराचे काटे ताठ झाले. मुंगसाने मान खाली घातली.

"दारात बोलायला यालाच बसवलंत ना?" कोल्हा म्हणाला. "तुमची आतली बंदी मला कशी कळणार?"

वाद माळावरच्या पंचांपुढे गेला; त्यांनीही मुंगसाने दिलेला शब्द दोघा भागीदारांचाच धरला.

साळिंदर खणू लागलं. शेजारची सशीण पिलांना घेऊन घर सोडून निघाली.

"काकी, शब्द माझा नव्हता हो."

"पंजे तर तुझेच आहेत ना, बाबा?"