अर्ध्या शेताची फुलं

घाटमाथ्यावरच्या एका थंड गावात एक शेतकरी आणि त्याची बायको राहत होती. दरवर्षी गहू पेरणाऱ्या या शेतकऱ्याने त्या साली सगळ्या रानात स्ट्रॉबेरी लावली. लोक म्हणत, यात बक्कळ नफा आहे. असेलही; पण आता घरात खायचा गहूसुद्धा या फळांच्या पैशांतूनच यायचा होता, आणि त्या विचाराने त्याची झोप उडाली होती.

रोपं जेमतेम रुजली आणि पांढरी फुलं दिसू लागली. बायको ती खुडू लागली. पहिली फुलं खुडली की रोप आधी मूळ धरतं, ही तिच्या माहेरची रीत. अर्धं शेत खुडून झालं, तेवढ्यात बांधावर व्यापारी आला आणि दिवाळीत माल दिला तर दुप्पट भाव देईन, असं सांगून गेला. शेतकऱ्याने धावत जाऊन बायकोचा हात धरला.

"पुरे. आता एकाही फुलाला हात लावायचा नाही."

"अहो, रोपाचा जीव केवढा, त्याला फळं पेलतील का?"

त्याने ऐकलं नाही. दिवाळीत त्याच्या अर्ध्या शेतातली थोडी फळं चढ्या भावाने गेली आणि स्वारी गावभर मिरवून आली. बायकोला टोमणे मारायलाही विसरली नाही.

मग थंडी वाढली. त्याच्या अर्ध्यातली फळं करवंदाएवढी झाली, पानं पिवळी पडली. तिच्या अर्ध्यात नुसता हिरवा पाला. व्यापाऱ्याची गाडी न थांबता पुढे जाऊ लागली. दिवाळीचे पैसे संपले, गव्हाचा डबा तळाला गेला. शेवटी शेतकरी कुदळ घेऊन तिच्या वाफ्यांत शिरला. सगळं उपटून वाटाणा तरी पेरू, असं म्हणू लागला.

बायको आडवी उभी राहिली. "आधी एकेक रोप हाताने उपटून बघा. तुमचं आणि माझं. मग काय ते ठरवा."

त्याने आपल्याकडचं रोप ओढलं. ते दोन बोटांत अलगद निघून आलं. तिच्याकडचं हलेना. जोर लावला तेव्हा पानं हातात आली, मूळ जमिनीतच राहिलं. आपण काय करायला निघालो होतो, हे त्याला कळलं. त्याने कुदळ ठेवली आणि तिच्या वाफ्यांना पाणी द्यायला घेतलं.

थोड्याच दिवसांत तिच्याकडची रोपं फुलांनी भरली आणि उन्हाळा लागेपर्यंत तोडणी थांबली नाही. व्यापारी पुन्हा बांधावर आला. फळ हातात घेऊन त्याने विचारलं, "माल कोणाचा?"

"हिचा," शेतकरी म्हणाला. "माझा मी दिवाळीतच खाऊन बसलो."

तात्पर्य: नफा हवा असेल, तर आधी रोपाला मूळ धरू द्यावं, पहिल्या भावाला भुलणाऱ्याच्या हाती हंगाम लागत नाही.